काही हरकत नाही

आचारसंहिता लागली त्या दुपारी दारव्ह्याच्या बसस्टँडवर एक माणूस शिडीवर चढून नावं झाकत होता. संगमरवरी पाटीवर कोरलेल्या 'यांच्या शुभहस्ते'पासून खालच्या 'प्रमुख उपस्थिती'पर्यंत सगळ्यावर तो जुनं वर्तमानपत्र चिकटवत होता. खाली त्याचा जोडीदार पिठाच्या खळीचा डबा धरून उभा होता. खळीचा तो आंबूस वास नाकात शिरला आणि मी तोंड फिरवलं. निवडणुकीमुळं नाही. निवडणुका येतच असतात. समोरून खेड्यांतल्या जीपा येत होत्या, टपावर कापसाची गाठोडी, आणि प्रत्येक जीपच्या जाळीला पांढरे पुंजके अडकलेले. पहिला वेचा सुरू झाला होता. खळ आणि कापूस गेल्या वर्षीही असेच एका आठवड्यात आले होते, आणि त्याच आठवड्यात मी माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक लिहिलं होतं.

मी पत्रकं लिहिते. कॉलेजात असल्यापासून. बसचे पास, वसतिगृहातलं पाणी, सोयाबीनची खरेदी, ज्यावर राग येईल त्यावर. पत्रकाला कागद एक आणि बाजू एक. मथळा चार पावलांवरून वाचता यावा. वाचणाऱ्याच्या दोन्ही हातांत पिशव्या आहेत असं धरून चालायचं. त्याला अक्कल कमी असते असं नाही, वेळ कमी असतो. त्यामुळं माझ्या लिहिण्यात 'परंतु' नसतो. या लेखात तो लागणार आहे, आणि त्याची सवय नसल्यानं मी मघापासून तीनदा उठून अंगणात चकरा मारून आले आहे.

कापसाचा मोसम दुरून पांढरा दिसतो. जवळ गेलं की तो ओरखड्यांचा असतो. दव सुकल्याशिवाय कापसाला हात लावत नाहीत, म्हणून बाया धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून असतात, बोटांना चिंध्या गुंडाळतात, एकमेकींच्या सुनांची चौकशी करतात. मग कमरेला झोळी बांधून एकेक तास, म्हणजे झाडांची ओळ, धरतात. सुकलेल्या बोंडाची टोकं पेरांत घुसतात, नखांच्या मुळाशी रक्त सुकतं. ऊन वर चढलं की शिवारभर नुसता कोरडा खसखसाट उरतो, पाल्याचा आणि लुगड्यांचा. शेजारी तूर पिवळी झालेली. कुठंतरी मागं राहिलेलं सोयाबीन निघत असतं, त्या थ्रेशरची धूळ घशात बसते. या दिवसांत आमच्याकडे कोणी नीट बसत नाही. जेवतानाही एक पाय उचललेला. बाया मिळतील का, आभाळ येईल का, व्यापाऱ्यानं सांगितलेला भाव उद्याही तोच राहील का. आणि माणसं अशी एका पायावर उभी असतानाच नेमकं सरकार दारात येतं, बसा म्हणतं, आणि सही मागतं.

आमच्या गावाजवळून पूर्वी छोटी गाडी जायची. मी शाळेत असताना ती बंद पडली. तिच्यावर हळवं लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांत माझी भर नको. ती सायकलीच्या वेगानं जायची आणि तिच्या डब्यात बकऱ्यांचा वास यायचा. पण त्या लाइनीवर मेश्रामबाबा गँगमन होते. खांद्यावर हातोडा आणि पाना घेऊन रोज आपल्या वाट्याचे रूळ ते पायी तपासायचे. आता सत्तरी उलटली आहे. विहाराच्या ओट्यावर बसून पेपर वाचतात, निविदांच्या जाहिरातींसकट. गावात निविदा वाचणारे ते एकटेच.

मग नवी मोठी लाइन आली. म्हणजे आधी तिची बातमी आली, मग शेताशेतांत रोवलेले पिवळे दगड आले, मग बरीच वर्षं काहीच आलं नाही. या लाइनीवर पुढं सकाळ-संध्याकाळ यवतमाळला शटल सुटणार असं कळलं. गावात तिला सगळे लोकल म्हणायला लागले. लोकल कोणीच पाहिलेली नव्हती, पण तिची वेळ सगळ्यांनी ठरवून टाकली होती. कॉलेजच्या पोरी, दवाखान्यात जाणारे म्हातारे, भाजी विकणाऱ्या बाया, सगळ्यांना ती सकाळी सातला हवी होती. फक्त तिला गावाशी थांबा हवा. नाहीतर ती आमच्याच शेतांतून जाणार आणि चढायला आम्ही पुन्हा स्वतःला जीपमध्ये कोंबून दारव्ह्याला येणार. म्हणून आमची समिती. समिती म्हणजे मी, सरपंच, आणि ज्या दिवशी शेतात काम नसेल त्या दिवशी आणखी सात-आठ जण.

थांब्याचा पैसा कोणी द्यायचा, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. लाइनीत केंद्राचा वाटा आणि राज्याचा वाटा ठरलेला. थांबा कोणाच्या वाट्यात बसतो, ते ठरलेलं नव्हतं. रेल्वेवाले म्हणत, राज्यानं मागावं. राज्याचे म्हणत, जिल्हा नियोजनातून बघा. जिल्ह्याला गेलं की उत्तर तयार, "रेल्वे केंद्राची आहे ना ताई." एकदा वरून एक छापील तक्ता आला. त्यात रकाना होता, प्रस्तावित थांब्यावरून सध्या होणारी तिकीटविक्री. जिथं रूळ नाहीत, गाडी नाही, नुसती कापसाची पराटी उभी आहे, तिथून सध्या किती तिकिटं विकली जातात. सरपंचांनी त्यात शून्य लिहिलं. खरं तेच लिहिलं. त्या शून्यावर प्रस्ताव परत आला.

आणि एक पांदण होती. पांदण म्हणजे गावातून शेतांकडे जाणारी बंडीची, बैलगाडीची वाट, दोन्ही अंगांना बोरी-बाभळी. अकरा जणांची शेतं या पांदणीवर, सगळ्यात शेवटचं कौसाकाकूचं. चार एकर, काळं, ओल धरणारं. काकूच्या नवऱ्याचे गुडघे गेले आहेत, पोरगा पुण्याला कंपनीत. शेत काकूच करते, आणि करते म्हणजे रोज जाते. आम्ही थांब्यासाठी एवढे वर मान करून बघत होतो, की रेल्वेची लाल रेघ या पांदणीला मधोमध कापते हे नकाशावर आमच्यातल्या कोणाला दिसलं नाही. एकाला सोडून.

गेल्या वर्षी कापूस नुकता फुटायला लागला होता तेव्हा गावात संयुक्त पाहणीला साहेब आले. एक रेल्वेचे, एक महसूलचे, आणि आमदारांचा पीए, जो कोणत्याच खात्याचा नव्हता पण सगळ्यांच्या पुढं बसला होता. शाळेच्या वऱ्हांड्यात खुर्च्या टाकल्या. पोहे झाले, चहा झाला. साहेबांनी गुडघ्यांवर नकाशा पसरून लाल रेघेवर पेन फिरवलं.

"हा इथून असा भराव येणार. गावकऱ्यांची काही हरकत?"

"काही हरकत नाही साहेब," सरपंच म्हणाले.

"अजी कायची हरकत," मागून एक जण. "तुमी आले हेच लय झालं. च्या घ्या आनखी."

मेश्रामबाबा उठून उभे राहिले. "हरकत आहे म्हना," ते म्हणाले. "आंधी हरकत आहे म्हना, मंग बाकीचं बोला."

वऱ्हांड्यात हसू फुटलं. "बाबा, घरी पाव्हने आले अन् तुमी हरकत काहून घेता गा?"

"पाव्हने नोहोत ते. पाहनीले आले ते. हरकत लिहून नाई देली तं रस्ता जाते. मी त्याच खात्यात होतो."

"बसा ना बाबा आता," कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी मी होते.

का म्हणाले? कारण मला वाटलं, म्हातारा घाण करतो आहे. थांब्याची गोष्ट जमत आली आहे, साहेब हसून बोलत आहेत, पीए मान डोलावतो आहे, आणि हा अडवाअडवीची भाषा काढतो. हरकत हा आमच्याकडे भांडणाचा शब्द आहे. धुरा सरकवला, बांधावरचं झाड तोडलं, तर हरकत. पण 'काही हरकत नाही' हा रोजचा. पाय लागला, हरकत नाही. उसनी बंडी दोन दिवस उशिरा आली, हरकत नाही. सोयरीक जमली नाही तरी पाहुणे उठताना दोन्हीकडचे हात जोडून तेच म्हणतात. त्याचा अर्थ 'मान्य आहे' असा कधीच नसतो. तुम्ही आमच्या दारात आहात आणि दारातल्या माणसाला आम्ही तोंड वाकडं करून दाखवत नाही, एवढाच असतो. सरकारी कागदात मात्र हाच शब्द उलटा होऊन नाहरकत होतो. आम्ही चहा दिला, त्यांनी तो जोडपत्र म्हणून नोंदवला.

आणि मी त्याच्यावर मथळा चढवला. त्याच संध्याकाळी दारव्ह्याला डीटीपीच्या दुकानात बसून लिहिलं, 'रेल्वेला आमची हरकत नाही. आम्हाला थांबा द्या.' मला वाटलं काय वाक्य आहे. सौम्य, पण ठाम. इतर गावं रेल्वेला अडवतात, आम्ही हात पुढं करतो, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ऑपरेटरनं विचारलं, "ताई, 'हरकत नाही' मोठं करू का? उठून दिसते." मी म्हटलं, कर. गुलाबी कागद घेतला. खाली प्रकाशक म्हणून माझं नाव. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात, बाजारात, जीपांच्या काचांवर. साहेबांच्या हातात दोन प्रती मीच दिल्या, एक फाइलीसाठी म्हणून.

संहिता लागणार हे पुढाऱ्यांना हवेत कळतं. आदल्या दिवशी घाईघाईनं मांडव पडला, नारळ आले, 'नियोजित थांबा' अशी कोनशिला ट्रॅक्टरमधून आली. तिचं सिमेंट अजून ओलं होतं. नेत्यांनी भाषणात माझं पत्रक वर धरून वाचलं. "या गावानं हरकत घेतली नाही. याला म्हणतात दृष्टी." टाळ्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू. दोन दिवसांनी त्या कोनशिलेवर वर्तमानपत्र चिकटलं. निवडणूक झाली, निकाल लागला, गुलाल उडाला, पण ते वर्तमानपत्र काढायला कोणी परत आलं नाही. नंतरच्या पावसात त्याचा लगदा झाला. आता तिथं बकऱ्या अंग घासतात.

थांब्याला तरतूद नव्हती. भरावाला होती. हा फरक मला तेव्हा कळत नव्हता. मंजुरी म्हणजे कोणीतरी मान डोलावली. तरतूद म्हणजे टिप्पर आले. टिप्पर आले, दिवसभर, मुरूम भरून, आणि त्यांच्या मागं उडणारी लाल धूळ फुटलेल्या कापसावर बसत गेली. पांढऱ्या बोंडावर तो लाल पदर मी कधी पाहिला नव्हता. व्यापारी कापूस हातात चुरून नाक मुरडायचे.

त्याच आठवड्यात कौसाकाकूचं सीतादही होतं. पहिल्या वेच्याआधी शेतातल्या एका पराटीला हळदकुंकू वाहायचं, दहीभाताचा नैवेद्य ठेवायचा, वेचणाऱ्या बायांना जेवू घालायचं, मगच कापसाला हात लावायचा. काकूच्या डोक्यावर टोपली, टोपलीत दहीभाताचं पातेलं, मागं सहा बाया. मी पत्रकं वाटून येत होते, जेवायच्या आशेनं त्यांच्यात शिरले. पांदण नेहमीसारखी बोरीपाशी वळली आणि संपली. समोर मुरमाचा भराव. दोन माणसं एकावर एक उभी केली तरी हात माथ्याला पोचला नसता. आदल्या दिवशी तिथं फक्त चुन्याची रेघ होती.

काकूनं टोपली खाली ठेवली नाही. "हे कोनं ठेवलं वं इथं?" तिनं विचारलं, जणू वाटेत कोणी खाट आडवी टाकली आहे.

वरून टिप्परवाला ओरडला, "काकू, इकून बंद झालं आता. नाल्याच्या पुलियाकडून जा."

"तो तं दीड कोस पडते."

"मले काय सांगता. मी मुरूम टाकतो."

काकूनं पदर खोचला आणि चढायला लागली. एक पाऊल वर, अर्धं खाली. बायांनी मागून हात दिले, चपला घसरल्या, कोणाचा तरी गुडघा सोलला. वर पोचेपर्यंत दहीभातात मुरूम गेला होता. तिनं तो तसाच नेला. पराटीपुढं ठेवताना वरचा लाल थर बोटांनी बाजूला केला आणि म्हणाली, "खाऊन घे माय. यंदा असंच आहे."

त्या जेवणात मी दोन घास खाल्ले. दात करकरले.

पुढं सहाच्या चार बाया झाल्या, मग दोन. दीड कोस जा, दीड कोस या, आणि संध्याकाळी गाठोडं डोक्यावर घेऊन भराव उतरा, एवढ्यासाठी कोणी का येईल? दुसऱ्यांच्या शेतात तेवढीच मजुरी आणि सरळ रस्ता. बंडी तर जाऊच शकत नव्हती. जानेवारीत काकूचा शेवटचा वेचा झाडावरच राहिला. टेकडीच्या रस्त्यानं जीप वर चढली की पलीकडं दिसायचा, वाळून लोंबणारा, वाऱ्यानं धुऱ्यापर्यंत उडालेला. पावसाळ्यात नाल्याची पुलिया कमरेइतक्या पाण्यानं भरली आणि काकू नऊ दिवस शेतात गेली नाही. लग्न होऊन आल्यापासून एवढे दिवस पहिल्यांदा, असं ती म्हणाली.

मधल्या काळात आम्ही दोघी यवतमाळला गेलो. कोणत्या कार्यालयात ते लिहीत नाही, अशी चार आहेत आणि चारही हिंडलो. शेवटच्यात काकू बाहेर बाकड्यावर फुटाणे खात बसली आणि मी आत गेले. बाबू बरा माणूस होता. त्यानं फाइल शोधली, बसायला सांगितलं, पानं उलटली आणि बोट ठेवलं. गुलाबी कागद. कोपऱ्यात लाल शाईनं पान क्रमांक. टॅग ओवायला पाडलेलं छिद्र नेमकं 'थांबा'वर.

"हे गावाचं नाहरकत," तो म्हणाला. "खाली नाव तुमचंच ना ताई?"

मी हो म्हटलं.

"मग आता भांडण कशाचं?" त्यानं खरंच विचारलं, टोमणा नव्हता. "तशीही ती पांदण नकाशावर रस्ता म्हणून नाही. नुसती वहिवाट आहे. हरकत आली असती तर खालून बोगदा धरला असता अंदाजपत्रकात. आता पाहिजे तर ग्रामपंचायतीनं नाहीतर झेडपीनं त्याचा खर्च रेल्वेकडे जमा करायचा. मग बघतात."

आमची ग्रामपंचायत रस्त्यावरचे दोन दिवे बदलायला ग्रामसभा घेते.

बाहेर आले तर काकूनं उरलेले फुटाणे माझ्या हातावर ठेवले. "काय म्हने?"

"आपला कागद नाही म्हने तिथं," मी म्हटलं.

एवढं उघडं खोटं मी कोणत्या पत्रकात लिहिलेलं नाही. कागद होता. कागदच तेवढा होता. मुजोर, निगरगट्ट, टक्केवारीचे, ही विशेषणं मी वर्षानुवर्षं दुसऱ्यांसाठी वापरत आले. या वेळी ती कोणाला लावावी कळेना. ज्यांनी एका सभ्य वाक्याची सही करून घेतली, त्यांच्यावरचा माझा राग आजही आहे आणि राहील. ज्यांना त्या वाटांनी कधी चालावं लागत नाही, असल्या माणसांच्या हातात आमच्या वाटा आहेत. परंतु ते वाक्य उठून दिसेल एवढं मोठं मी केलं होतं. हा तो परंतु. तो घेऊन मी वर्षभर हिंडले. ज्या घरात काकू असेल त्या घरचा चहा टाळला. सभा घेतल्या नाहीत. पेन उचललं की अंगणात चकरा.

यंदा पुन्हा तेच दिवस. झेडपीला उभं राहायचं म्हणणारा एक उत्साही तरुण परवा घरी आला. "ताई, 'बोगदा आमच्याच काळात' असं कायतरी लिहून द्या. तुमच्या मथळ्यात दम असते."

"कोणत्या काळात झाला बोगदा?"

"व्हायचा आहे ना. आमचा काळ बी यायचाच आहे."

त्याला मी चहा दिला. मथळा दिला नाही.

दुसरा एक जण काकूकडे येतो. मोटारसायकल, पांढरे बूट, प्लॉटचा धंदा. भरावापलीकडची, दुसऱ्या पांदणीवरची दोन शेतं त्यानं घेतली आहेत, पडत्या भावात. त्याचं बोलणं गोड असतं. "शेत लाखात एक आहे काकू, पन तुमच्यापाशी रस्ता नाही." त्याच्यापाशी पुढं असेल बहुतेक. बोगदा कुठं निघणार हे असल्या माणसांना आमच्याआधी कळतं. काकूनं त्याला सांगितलं आहे, यंदाचा कापूस निघाला तर शेत ठेवतो, नाही निघाला तर बोलू. म्हणजे या मोसमात चार एकरांचा निकाल लागणार, आणि तो कोणत्याच मतपेटीत नाही.

हे ऐकलं आणि मी उठून काकूच्या अंगणात गेले. ती खताच्या रिकाम्या पोत्याची झोळी शिवत होती.

"काकू, तो कागद मीनं लिहला होता."

"कोन्ता?"

"हरकत नाही म्हनून. फाइलीत तोच लागला आहे. त्याच्यावरच पांदण गेली."

सुई थांबली नाही. "मले मालूम आहे."

"कोनं सांगतलं?"

"मेश्रामबाबानं. होळीच्या आंधीच."

"तं बोलली काहून नाही?"

"तू कवा सांगतं ते पाहून राह्यली होती." तिनं दोरा दातानं तोडला. "लय टाइम लावला वं तुनं. एक पान लिहाले तं तुले अर्धा घंटा नाई लागत."

मी माफी मागितली. मला ती नीट मागताही आली नाही, त्यातही मथळ्यासारखं काहीतरी झालं.

"देली माफी," काकू म्हणाली. "ठेव खिशात. पन ते घेऊन भराव चढता येते का मले? दोन बाया आहेत, तिसरी पायजे. उद्या आठले ये."

तिथून मी विहाराच्या ओट्यावर गेले. मेश्रामबाबांनी पेपर खाली केला नाही, पण सरकून जागा दिली. त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. या वेळी हातानं. "गावाचा अर्ज कोनाचाच नसते. एक शेत, एक अर्ज. गट नंबर टाक. वहिवाट किती पिढ्यांची ते टाक. हरकत आहे असं पयल्याच ओळीत." मी दुसऱ्या ओळीत 'मुजोर प्रशासन' लिहिलं होतं. त्यांनी बोट ठेवलं. "हे काढ. मुजोर म्हटलं का त्याईले पुढचं वाचाची गरज राहत नाही." अकरा शेतांचे अकरा अर्ज. एकालाही मथळा नाही. प्रत्येकाची शिक्का मारलेली पोच घेतली, शिक्क्यावरची तारीख बाबांनी चष्मा पुसून तपासली. संहिता आहे, निर्णय नंतर, असं तोंडी उत्तर मिळालं. भराव टाकायला संहिता आड येत नव्हती.

आणि मी वेचायला जाते आहे. रोज. वेचणं मला येत नाही. दुसऱ्या दिवशीच बोटं अशी झाली की पेन धरवेना. बाया दोन ओळी पुढं जातात, मी मागं एकेका बोंडाशी.

"बोंडाले पत्रक वाटून राह्यली का वं?" काकू पुढून विचारते. "उपट ना. पाकळी राहू देऊ नको."

दुपारी भाकरी खाताना भराव समोर असतो, आमच्याकडे पाठ केल्यासारखा. आता त्याच्यावर गिट्टी पडली आहे, रूळही येतील. लोकल येईल तेव्हा येईल. तिच्या खिडकीतून एखाद्याला ही पराटी दिसेल, छान दिसेल, पांढरी. हे मनात आलं की मला बसवत नाही, मी अर्धी भाकरी हातात घेऊन उठते. काकू म्हणते, "बस. भराव पळून नाई जात."

आज संध्याकाळी गाठोडी घेऊन आम्ही माथ्यावर चढलो. छातीचा भाता झाला होता. खाली गावाच्या बाजूला, जिथं पांदण संपते, तिथं तो पांढऱ्या बुटांवाला मोटारसायकल लावून उभा होता.

"काकू, मोसम निम्मा झाला," तो खालून म्हणाला. "काय ठरवलं मंग?"

"वर ये," काकू म्हणाली. "मंग सांगतो."

त्यानं मुरमाकडे पाहिलं. बुटांकडे पाहिलं. "इथूनच सांगा ना काकू. ऐकू येते मले."

"खालून तं आमी सालभर बोललो," काकू म्हणाली. "कोनाले ऐकू आलं?"

तो गाडीला टेकून हसला, मग हसायचा थांबला. काकूनं डोक्यावरचं गाठोडं एका हातानं धरलं आणि टाचा रोवत त्याच्या बाजूनं खाली उतरली, त्याच्याकडे न बघता. मागून बाया, सगळ्यांत शेवटी मी, अर्धी बसून, अर्धी घसरत. निम्मा कापूस अजून पलीकडं उभा आहे. उद्या पुन्हा आठला.